निर्यात वाढली, हाती काय लागलं?

दर वर्षी १ जुलैला जागतिक बँक जगातल्या देशांची वर्गवारी नव्याने जाहीर करते. दरडोई उत्पन्नाच्या तीन रेषा आणि त्यांनी पाडलेले चार गट: कमी उत्पन्नाचे, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि श्रीमंत. २०२४ च्या वर्गवारीत निम्न-मध्यम गटाची हद्द वर्षाला माणशी १,१४६ ते ४,५१५ डॉलर अशी होती. भारत याच पट्ट्यात आहे. सोबतीला बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, व्हिएतनाम, फिलिपिन्स, इजिप्त, मोरोक्को, नायजेरिया, केनिया, घाना, झांबिया असे पन्नासएक देश. माणसांच्या संख्येने हा जगातला सर्वांत मोठा गट आहे, सुमारे तीन अब्ज लोकांचा.

या सगळ्यांनी परदेशी विकलेल्या मालाचा, म्हणजे सेवा वगळून फक्त बंदरातून, विमानातून आणि सीमेवरून बाहेर गेलेल्या वस्तूंचा, गेल्या साठ वर्षांचा आलेख काढता येतो. साठच्या दशकात तो जमिनीलगत सरपटतो. सत्तरच्या दशकात तेलाच्या भावाबरोबर जरा डोकं वर काढतो, ऐंशीच्या दशकात सुस्तावतो, नव्वदीत चढू लागतो आणि २००३ च्या सुमारास उसळी घेतो. २००९ च्या मंदीत खड्डा पडतो, दोन वर्षांत भरून निघतो. २०१५-१६ मध्ये पुन्हा घसरण, २०२० मध्ये करोनाचा खळगा आणि मग २०२१-२२ ची झेप. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की या देशांची चांगलीच भरभराट झाल्यासारखं वाटतं. झालीही आहे. पण ती कुणाची झाली, कशाच्या जोरावर झाली आणि आलेल्या पैशातला किती त्या देशात मुरला, हे एका रेषेवरून कळत नाही.

पहिली अडचण गटाचीच आहे. जागतिक बँक आज जे देश निम्न-मध्यम आहेत त्यांचीच बेरीज मागच्या सगळ्या वर्षांसाठी करते. चीन या शतकाच्या पहिल्या दशकात निम्न-मध्यम उत्पन्नाचाच देश होता. २००९ साली जर्मनीला मागे टाकून तो जगातला सर्वांत मोठा माल निर्यातदार झाला, तेव्हाही तो याच यादीत होता. २०११ मध्ये तो वर सरकला आणि त्याबरोबर त्याची मागची सगळी निर्यातही या गटाच्या हिशेबातून निघून गेली. पास होणारी मुलं वरच्या वर्गात जातात आणि उरलेल्यांचे गुण पाहून मास्तर म्हणतात, या वर्गाचं काही खरं नाही. तसाच हा हिशेब. इंडोनेशिया तर २०२० मध्ये वर गेला, २०२१ मध्ये खाली आला, २०२३ मध्ये पुन्हा वर गेला, आणि प्रत्येक वेळी आपलं पामतेल, कोळसा आणि निकेल बरोबर घेऊन गेला. श्रीलंका २०१९ मध्ये वर चढून पुढच्याच वर्षी परतली. व्हिएतनाम आता वरच्या रेषेच्या अगदी जवळ आहे. तो ज्या १ जुलैला ती ओलांडेल, त्या दिवशी या गटाच्या आलेखातून वर्षाला चारशे अब्ज डॉलरचा माल नाहीसा होईल, आणि तोही मागच्या वर्षांसकट. प्रत्यक्षात एकही कंटेनर कमी झालेला नसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ही बेरीज फार असमान आहे. २०२४ मध्ये व्हिएतनामची मालनिर्यात ४०५ अब्ज डॉलरच्या आसपास होती, भारताची २०२४-२५ या आर्थिक वर्षात ४३७ अब्ज. उरलेल्यांपैकी बहुतेकांची पन्नास अब्जांच्या आत. म्हणजे हा आलेख मोठ्या प्रमाणात दोन देशांच्या हातून लिहिला जातो आणि मोझांबिकच्या शेजारच्या झांबियात काय चाललंय याचा त्यात मागमूसही लागत नाही.

तिसरी अडचण भावाची. ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण वर्तमानपत्रातल्या ‘निर्यातीत विक्रमी वाढ’ छापाच्या बातम्यांमध्ये ती नेहमी झाकली जाते. निर्यात डॉलरमध्ये मोजतात. माल तेवढाच राहिला आणि भाव दुप्पट झाला, तरी आलेख दुप्पट उंच होतो.

नायजेरियाचं बघा. या देशाच्या निर्यातीत कच्च्या तेलाचा आणि वायूचा वाटा इतका मोठा की बाकी सगळं किरकोळीत जमा. २०१४ च्या मध्याला तेलाचं पिंप शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते तीस डॉलरच्या खाली गेलं. नायजेरियाच्या निर्यातीचा आकडा निम्म्याहून खाली आला. मधल्या काळात विहिरी आटल्या नव्हत्या. नायजेर नदीच्या त्रिभुज प्रदेशातून तेल निघतच होतं, फक्त त्याला कुणी पूर्वीचा भाव देत नव्हतं. त्याहून विचित्र भाग असा की आफ्रिकेतला हा मोठा तेल उत्पादक देश कित्येक दशकं कच्चं तेल विकून पेट्रोल विकत आणत राहिला, कारण सरकारी शुद्धीकरण कारखाने धड चालत नव्हते. लागोसजवळ दांगोते समूहाचा दिवसाला साडेसहा लाख पिंपांच्या क्षमतेचा खासगी कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा कुठे हे चित्र बदलायला लागलं. झांबियाचंही असंच, फक्त तेलाच्या जागी तांबं. २०११ मध्ये तांब्याचा टनाला दहा हजार डॉलर भाव होता, २०१६ च्या सुरुवातीला साडेचार हजारांच्या खाली. झांबियाच्या निर्यातीत सुमारे दोन तृतीयांश तांबं असल्यावर अर्थमंत्र्याने सकाळी उठून आधी लंडनच्या धातुबाजाराचा भाव पाहावा हे ओघानेच आलं.

कोकोची गोष्ट याच्याही पुढची आहे. घाना आणि आयव्हरी कोस्ट हे दोन शेजारी देश मिळून जगातला निम्म्याहून बराच अधिक कोको पिकवतात. दोन्ही निम्न-मध्यम गटातले. बरीच वर्षं कोको टनाला अडीच हजार डॉलरच्या आगेमागे होता. मग सलग खराब हंगाम आले. पाऊस अवेळी, झाडांना फांद्या सुजवणाऱ्या विषाणूचा रोग, म्हातारे झालेले मळे. २०२४ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोने दहा हजार डॉलर ओलांडले, डिसेंबरात बारा हजार. पीक घटलं म्हणून भाव वाढला. शेतकऱ्याच्या हाती मात्र त्यातलं थोडंच पडलं. या दोन्ही देशांत शेतकऱ्याला द्यायचा भाव सरकारी मंडळ हंगामाच्या सुरुवातीला ठरवतं आणि पिकाचा मोठा भाग आधीच वायद्याने विकून टाकतं. पडत्या बाजारात ही व्यवस्था शेतकऱ्याला सांभाळून घेते, चढत्या बाजारात तीच त्याचे हात बांधते. आयव्हरी कोस्टने एप्रिल २०२४ मध्ये किलोचा भाव एक हजार फ्रँकवरून दीड हजारांवर नेला, तोवर बाहेरचा बाजार कुठल्या कुठे पोचला होता. २०२५ मध्ये कोको पुन्हा निम्म्याच्या खाली कोसळला.

कच्च्या मालावर जगणाऱ्यांची ही फरपट राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५० च्या सुमारास वेगवेगळं काम करूनही जवळपास सारख्या शब्दांत मांडली होती. कच्चा माल विकून यंत्रं विकत घेणाऱ्याला दिवसेंदिवस त्याच यंत्रासाठी जास्त माल मोजावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. हा नियम सगळ्या काळात तंतोतंत उतरला असं नाही. २००३ ते २०११ या काळात चीनच्या भुकेने धातू-तेलाचे भाव असे वाढले की उलटंच घडलं. पण प्रेबिश नुसता सिद्धान्त मांडून बसले नाहीत. संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद उभी राहिली तेव्हा ते तिचे पहिले महासचिव झाले, आणि तिच्या १९६८ च्या नवी दिल्लीतल्या अधिवेशनात एक गोष्ट मान्य करून घेण्यात आली: श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या मालाला कमी शुल्कात आत घ्यावं आणि त्याबदल्यात तशीच सवलत मागू नये. १९७१ पासून ही सवलत योजना लागू झाली. दिल्लीत झालेल्या त्या ठरावाचा फायदा पुढे ज्या देशाने सर्वांत हुशारीने घेतला, तो १९६८ मध्ये अस्तित्वातच नव्हता.

बांगलादेश जन्माला आला तेव्हा त्याच्या निर्यातीत दहातले आठ-नऊ डॉलर तागाचे होते. कच्चा ताग, गोणपाट, पोती. पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांनी पोत्यांची सद्दी संपवली. त्याच सुमारास दक्षिण कोरियाची देवू कंपनी वेगळ्याच पेचात होती. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावला होता. कोरियाचा कोटा भरला होता, पण ज्या देशाचा एकही शर्ट अमेरिकेत जात नव्हता त्याच्यावर कोटा कशाला असेल? माजी सनदी अधिकारी नूरुल कादेर यांच्या देश गारमेंट्सशी देवूने १९७८ मध्ये करार केला. बांगलादेशातली १३० माणसं पुसानला देवूच्या कारखान्यात शिकायला गेली. १९८० मध्ये चितगावात उत्पादन सुरू झालं आणि पहिल्या वर्षी ४३ हजार शर्ट विकले गेले, त्यांचे मिळून पंचावन्न हजार डॉलर झाले.

देश गारमेंट्स पुढे फार मोठी झाली नाही. पण त्या १३० पैकी ११५ जण काही वर्षांत तिथून बाहेर पडले आणि स्वतःचे कारखाने काढून बसले किंवा दुसऱ्यांचे उभे करून देऊ लागले. अर्थतज्ज्ञ विल्यम ईस्टर्ली यांनी ही कहाणी लिहिली, तेव्हापासून ती विकासाच्या अभ्यासक्रमात कायमची जाऊन बसली. मला तिच्यातला दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा वाटतो, जो सहसा सांगितला जात नाही. नुसतं शिवायला येऊन भागत नाही; कापड आणायला भांडवल लागतं आणि नव्या कारखानदाराकडे तेच नसतं. बांगलादेशाने दोन सोयी केल्या. परदेशी गिऱ्हाइकाने उघडलेल्या पतपत्राच्या तारणावर बँक कापड विकणाऱ्यासाठी दुसरं पतपत्र उघडून देऊ लागली. आणि निर्यातीसाठी आणलेलं कापड सीमाशुल्काच्या देखरेखीखालच्या गोदामात शुल्क न भरता ठेवता येऊ लागलं. म्हणजे खिशात पैसा नसलेला माणूसही ऑर्डरच्या जोरावर कापड आणू शकला. ज्या देशात बंदरावर माल सोडवायला खेटे घालावे लागतात तिथे या दोन सोयींची किंमत कळते.

१ जानेवारी २००५ ला कोटा संपला. आता चीन आणि भारत मिळून ढाक्याचे कारखाने गिळून टाकणार, असं भाकीत त्या काळी सगळीकडे होतं. झालं उलट. चीनमध्ये मजुरी वाढत गेली, युरोपने २००१ पासून अतिअविकसित देशांना शस्त्रास्त्रं सोडून सगळा माल शुल्कमुक्त पाठवायची मुभा दिली होती, आणि बांगलादेशाकडे तोवर पंचवीस वर्षांचा सराव होता. आज या उद्योगात चाळीसएक लाख लोक काम करतात, बहुसंख्य बायका. निर्यातीतला तयार कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. एकाच पिकावर उभा असलेला देश एकाच मालावर येऊन उभा राहिला; फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की तागाच्या मानाने शर्टात लाखो बायकांच्या हातात पगार पडला.

त्याची किंमत २४ एप्रिल २०१३ ला सावरमध्ये दिसली. भिंतींना तडे गेलेल्या राणा प्लाझा या कपडे-कारखान्यांच्या इमारतीत कामगारांना पुन्हा कामावर बोलावलं गेलं आणि आठ मजले कोसळून ११३४ माणसं मेली. त्यानंतर अमेरिकेने बांगलादेशाची शुल्कसवलत काढून घेतली, पण त्या सवलतीत कपडे नव्हतेच! अमेरिकेत बांगलादेशी शर्टावर आधीही पूर्ण शुल्क लागत होतं, नंतरही लागत राहिलं. खरा बदल घडवला तो युरोपीय ब्रँड आणि कामगार संघटनांनी मिळून केलेल्या इमारत-सुरक्षा कराराने.

आकड्यांबद्दल इथे एक टीप द्यायला हवी. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेने निर्यातीचा हिशेब दुरुस्त केला तेव्हा २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दहा महिन्यांतच जवळपास १४ अब्ज डॉलरची निर्यात कागदावर जास्त निघाली. निर्यात प्रोत्साहन विभाग एकच माल दोनदा मोजत होता, नमुन्यांनाही किंमत लावत होता. जगभरचे विश्लेषक ज्या रेषेवर ‘बांगलादेशी चमत्कार’ मांडत होते तिचं शेवटचं टोक असं फुगलेलं होतं.

व्हिएतनामने दुसरा रस्ता धरला. १९८६ मध्ये साम्यवादी पक्षाने ‘दोई मोई’ म्हणजे नवरचनेचं धोरण स्वीकारलं तेव्हा देशात भाताचीही टंचाई होती. दहाएक वर्षांत तो जगातला आघाडीचा तांदूळ निर्यातदार झाला, मग कॉफीत ब्राझीलच्या पाठोपाठ आला. पण निर्यातीचा आकडा २००० मधल्या साडेचौदा अब्जांवरून २०१० मध्ये बाहत्तर अब्जांवर आणि पुढे चारशे अब्जांवर गेला तो कॉफीने नव्हे. अमेरिकेशी व्यापार करार २००१ च्या अखेरीस लागू झाला, जानेवारी २००७ मध्ये व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि २००९ पासून हनोईजवळच्या बाक निन्हमध्ये सॅमसंगचे फोन तयार होऊ लागले. काही वर्षांतच देशाच्या निर्यातीतला एकचतुर्थांशाच्या आसपास वाटा या एका कोरियन कंपनीचा झाला. आजही व्हिएतनामच्या निर्यातीत सुमारे सत्तर टक्के वाटा परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांचा आहे.

इथे चौथी अडचण समोर येते, हाती किती राहिलं याची. २०१० मध्ये युचिंग शिंग आणि नील डेटर्ट या संशोधकांनी आयफोनचा हिशेब मांडला. तेव्हा चीन निम्न-मध्यम गटातच होता. चीनमधून निर्यात होणाऱ्या एका फोनची कारखान्यातली किंमत १७९ डॉलर. त्यात चिनी कामगारांच्या जुळणीचे साडेसहा. बाकी जपानचे, कोरियाचे, जर्मनीचे, अमेरिकेचे भाग. निर्यातीच्या खात्यात मात्र सगळे १७९ चीनच्या नावावर. व्हिएतनामने २०२४ मध्ये ४०५ अब्जांचा माल पाठवला आणि सुमारे ३८१ अब्जांचा आणला. चिप, पडदे, सुटे भाग येतात, जुळणी होते, डबा बाहेर जातो.

म्हणून हा सगळा पोकळ डोलारा आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. चीननेही साडेसहा डॉलरपासूनच सुरुवात केली होती, आणि दहा वर्षांत फोनचे कितीतरी भाग तिथेच बनू लागले. जुळणीच्या कारखान्याभोवती पॅकिंगवाले, साचे बनवणारे, प्लॅस्टिकवाले जमतात. जमले नाहीत तरच काळजी. मोरोक्कोत टांजिएरचं बंदर २००७ मध्ये सुरू झालं, २०१२ मध्ये त्याच्या जवळ रेनोचा मोटार कारखाना आला आणि आसपास तारांचे संच, खुर्च्या, काचा बनवणारे येऊन बसले. फॉस्फेटसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशाची पहिल्या क्रमांकाची निर्यात आज मोटारी आहे. फिलिपिन्समध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक्सची निर्यात कित्येक वर्षं निम्म्याच्या आसपास राहूनही अवतीभवती तसं फार काही उगवलं नाही.

भारताकडे वळलं की आलेख आणखी बुचकळ्यात टाकतो. १९४८ मध्ये जगाच्या मालनिर्यातीत भारताचा वाटा २.२ टक्के होता. १९७३ पर्यंत तो अर्ध्या टक्क्यावर आला आणि जवळपास वीस वर्षं तिथेच रुतला. देशाची निर्यात या काळात वाढतच होती, पण जगाचा व्यापार तिच्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढत होता. आज वाटा १.८ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांनंतरही सुरुवातीच्या ठिकाणाच्या जरा खाली. गंमत अशी की आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र भारतानेच १९६५ मध्ये कांडल्याला काढलं होतं. मुंबईत अंधेरीचं सीप्झ १९७३ मध्ये आलं. पण बाकी देशात परवान्यांचं राज्य तसंच ठेवून कुंपणाआड थोडी मोकळीक द्यायची, एवढ्याने निर्यात वाढत नाही.

२००० नंतर भारताची निर्यात झपाट्याने वाढली, पण कपडे-खेळणी-बूट या लाखो हातांना काम देणाऱ्या मालामुळे नाही. २०२२-२३ च्या ४५१ अब्ज डॉलरमध्ये ९७ अब्जांच्या आसपास शुद्ध केलेलं तेल होतं: जहाजाने आणलेलं कच्चं तेल, जामनगरसारख्या कारखान्यातून डिझेल होऊन परत गेलेलं. हिऱ्यांचंही तेच, खडे बाहेरून येतात, सुरतेत पैलू पडतात, वांद्र्याच्या भारत डायमंड बोर्समधून बाहेर जातात. तेल शुद्ध करायला अजस्र यंत्र आणि मोजकी माणसं लागतात. म्हणून २०१३-१४ मध्ये ३१४ अब्ज असलेली निर्यात पुढची सात वर्षं तिथल्या तिथेच घुटमळली तेव्हा कुणाला फारशी झळ जाणवली नाही, आणि पुढे ती वाढली तेव्हा कुणाच्या घरी दिवाळीही झाली नाही. आता मोबाइल फोन हा भारताच्या निर्यातीतला नवा मोठा आकडा आहे, २०२४-२५ मध्ये २४ अब्ज डॉलरचा, आणि श्रीपेरुंबुदुरच्या कारखान्यांत वसतिगृहात राहणाऱ्या मुली तो घडवतात. साडेसहा डॉलरचा प्रश्न तिथेही लागू आहेच.

महाराष्ट्राच्या वाट्याला निर्यातीचा जो अनुभव आला तो मोठ्या आकड्यांत दिसत नाही, पण शिकवणारा आहे. नाशिकसह राज्यातल्या द्राक्षबागायतदारांनी १९९१ मध्ये महाग्रेप्स ही संस्था काढून युरोपची वाट धरली. २०१० च्या हंगामात घडांमध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि नेदरलँड्स-जर्मनीत कंटेनर अडले. तोवर त्या रसायनाची तपासणी आपल्या यादीतच नव्हती. शुल्काची भिंत कमी होत गेली तसतशी प्रयोगशाळेची भिंत उंच होत गेली, आणि ती ओलांडायला प्लॉटनिहाय नोंदी ठेवणारा शेतकरी लागतो. नाशिककर ते शिकले. कांद्याच्या बाबतीत अडथळा मात्र दिल्लीचा होता. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला ती उठवली पण टनाला ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. लासलगावचा कांदा थांबला तेव्हा ढाक्याच्या व्यापाऱ्यांनी इतर देशांकडे मागणी नोंदवली. दूरच्या गिऱ्हाइकाला सवय लावायला दहा वर्षं लागतात, मोडायला एक अधिसूचना पुरते.

२०२५ हे वर्ष या सगळ्यांनाच हादरवून गेलं. २ एप्रिलला अमेरिकेने जाहीर केलेल्या शुल्कांत व्हिएतनामवर ४६ टक्के, श्रीलंकेवर ४४, बांगलादेशावर ३७ असे आकडे होते. वाटाघाटींनंतर बांगलादेश आणि व्हिएतनामचे वीसवर आले, भारतावर मात्र ऑगस्टअखेरीस पन्नास टक्के लागले. सुरत, तिरुपूर आणि कोळंबीवाल्या आंध्रात त्याचे चटके लगेच बसले. शेजारीही एकमेकांना चिमटे काढत होते. एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतीय सूत रस्त्याने आणायला बंदी केली, मे महिन्यात भारताने बांगलादेशी कपड्यांना जमिनीवरची दारं बंद केली. विदर्भ-मराठवाड्यातल्या जिनिंगमधून निघालेल्या कापसाच्या गाठींचं गिऱ्हाईक तिकडेही आहे, हे दोन्ही राजधान्यांत कुणाच्या ध्यानात असेल-नसेल.

बांगलादेशापुढचा खरा पेच मात्र अमेरिकेचा नाही. अतिअविकसित देशांच्या यादीतून त्याने बाहेर पडण्यासाठी नोव्हेंबर २०२६ ची तारीख संयुक्त राष्ट्रांनी ठरवली. युरोपने शुल्कमुक्त प्रवेश आणखी तीन वर्षं चालू ठेवायचं मान्य केलं. त्यानंतर सवलत हवी असेल तर कापडाचं मूळ सिद्ध करावं लागेल. सध्या युरोपच्या २०११ च्या नियमाप्रमाणे आणलेल्या कापडाचा नुसता शर्ट शिवला तरी तो बांगलादेशी ठरतो. पुढे कापडही तिथेच विणलेलं असावं लागेल, नाहीतर बारा टक्क्यांपर्यंत शुल्क. टीशर्ट-बनियनचं सूत आणि कापड आजच बरंचसं देशातल्या गिरण्यांतून येतं. शर्ट-पँटचं कापड मुख्यतः चीनमधून येतं, थोडं भारतातून. ते विणायला आणि रंगवायला मोठ्या गिरण्या हव्यात, त्यांना चोवीस तास वाफ हवी आणि वाफेसाठी नैसर्गिक वायू. गाझीपूर-नारायणगंजच्या गिरणीमालकांची सध्याची मुख्य तक्रार वायूचा दाब पुरत नाही, हीच आहे.